विडी, वैराग्य आणि मायबोली

चंचल मन आवरण्यासाठी भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली आहेत. विडी सोडू इच्छिणाऱ्यासही हीच दोन उपयोगी पडतात. परंतु ती त्यास कोणी व कोणत्या भाषेत समजावून द्यावीत, याचा विचार आपण क्वचितच करतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन बिदर व गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, म्हैसूर राज्यात आले. येथील मराठी भाषिक तेव्हापासून कन्नड राज्यातील अल्पसंख्य होत. घरी मराठी, बाजारात कन्नड व दखनी, असा आमचा व्यवहार आहे. दवाखान्यातील सूचना वृद्धास कळते. पण ‘सोडवत नाही’ ही मनातली लाज तो मायबोलीतच उघड करतो.

आमच्या भजनी मंडळातील एक वृद्ध टाळकरी आरतीनंतर पायरीखाली विडी ओढीत असत. आम्ही तरुणांनी त्यांना चारचौघांत टोकले. ते भजनास येईनासे झाले; विडी मात्र सुटली नाही. पुढे आम्ही घरी जाऊन क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, “बाळांनो, बाकीच्या सोडीन, पण पहाटेची सुटत नाही रे.”

या एका वाक्यात व्याधीचे मूळ आहे. धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूस पोचते. रात्रभर ते न मिळाल्याने पहाटेची तलफ अनावर होते. हा दुर्गुण नव्हे; ही शरीरास जडलेली अधीनता होय. पहाटेची एक राखून ठेवली, तर निखारा राखेखाली धुमसतच राहतो.

यास्तव क्रम असा धरावा. सोडण्याचा दिवस ठरवून आदल्या रात्रीच विड्या व काडेपेटी घराबाहेर काढाव्यात, हे वैराग्य. तलफ आली की पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, नामस्मरण करावे. काही मिनिटांत ती ओसरते. हे प्रत्येक वेळी करणे, हा अभ्यास. विडीऐवजी तंबाखू किंवा मिश्री मुळीच घेऊ नये. पहिला आठवडा चिडचिडीचा व निद्रानाशाचा जातो. पुढील दोन-चार आठवड्यांत त्रास उणावतो. एकदा चुकून ओढली तरी व्रत मोडले असे न मानता पुन्हा आरंभ करावा. तलफ फारच अनावर असल्यास वैद्यांचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाने २०१६ साली सुरू केलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. वृद्धांना तो लावून देणे हे तरुणांचे काम आहे.

बसवकल्याणजवळील लाडवंती येथे १८१७ साली जन्मलेल्या श्रीमाणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, उर्दू अशा अनेक भाषांत पदे रचली. ज्याची जी बोली, तीतून त्याच्या हृदयाशी जावे, हा धडा आपल्याच भूमीचा आहे. शेजारच्या लमाण तांड्यावरही हे काम तेथील गोरबोली बोलणाऱ्या तरुणानेच करावे. आपण त्यास साह्य करावे.

ते टाळकरी एकदा चुकले, दुसऱ्या खेपेस टिकले. आता काकड आरतीस ते आमच्याआधी हजर असतात. पहाटेची ती वेळ त्यांनी टाळांस दिली आहे. वाचकहो, येत्या एकादशीस आपणही अशा एका घरी जाऊन बसावे. उपदेश करू नये, प्रथम ऐकावे.