बाबासाहेबांचे अमेरिकेतले पत्र

प्रश्न : बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय पुढाऱ्याला पत्र लिहिले होते, असे भीमजयंतीच्या भाषणात ऐकले. हे खरे का? ते पत्र आज पाहायला मिळेल का?
— एक वाचक, धूलकोट (जि. बुऱ्हाणपूर)

उत्तर : खरे आहे, आणि त्याला आलेले उत्तरही शाबूत आहे. ते पुढारी म्हणजे डॉ. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा डू बॉइस त्याच शहरात ‘द क्रायसिस’ हे मासिक चालवत होते. तरीही दोघांची गाठ पडली नव्हती. बाबासाहेबांनी पत्रात तसे स्वतःच लिहिले आहे.

पत्र दादरच्या ‘राजगृह’ या बाबासाहेबांच्या घरातून गेले. साल 1946. स्वातंत्र्याची बोलणी करायला आलेल्या ब्रिटिश कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांच्या मागण्यांना वाव दिला नव्हता, त्यामुळे संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागण्याचा विचार चालू होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी तसा अर्ज केल्याचे वाचून बाबासाहेबांनी त्याच्या दोन-तीन प्रती मागितल्या. किती साधी मागणी! पण आपले दुःख जगाच्या वेशीवर कसे मांडावे, हे ते समदुःखी माणसाकडून समजून घेत होते. डू बॉइस यांनी 31 जुलै 1946 रोजी उत्तर दिले, नॅशनल निग्रो काँग्रेसचे निवेदन सोबत धाडले आणि भारतातल्या अस्पृश्यांविषयी आपल्याला पूर्ण सहानुभूती असल्याचे कळवले. अधिक सविस्तर निवेदन पुढे येईल, असेही त्यांनी लिहिले होते. ते 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघापुढे गेले.

डू बॉइस आलेले पत्र ठेवत आणि स्वतःच्या उत्तराची कार्बन प्रतही. म्हणून दोन्ही बाजू हाती लागल्या. हे दप्तर आता मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील ग्रंथालयात आहे. त्याची छायाचित्रे इंटरनेटवर मोफत आहेत, तुम्हाला ती मोबाइलवरही दिसतील. आपल्याकडे बाबासाहेबांचे सहकारी, नाशिकचे दादासाहेब गायकवाड यांनी त्यांची पत्रे अशीच जिवापाड जपली, म्हणून ती पुस्तकरूपाने वाचता येतात.

बाबासाहेबांच्या त्या पत्रावर तारीख नाही. जुलै 1946च्या सुमाराचे, असा अंदाजच करावा लागला. तेव्हा तुमच्या घरी ट्रंकेत चळवळीतली जुनी पत्रे असतील, तर ती पाकिटासकट ठेवा, कारण टपालाच्या शिक्क्यावर तारीख मिळते. त्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, आणि आजच त्यांचे फोटो काढून ठेवा.