नव्या कोंबड्या जुन्या कळपात घेताना
आंबागडला माझ्या अंगणात सहा गावरान कोंबड्या होत्या. बाजारातून चार वनराजा आणल्या नि त्याच सांजेला खुराड्यात सोडल्या. सकाळी एकीचे डोके रक्ताळलेले. आठवड्यात मानमोडीने पाच दगावल्या. मुलीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे गेले.

बहिणींनो, आता मी असे करते. नव्या कोंबड्या 21 दिवस दूर, वेगळ्या ठेवते. त्यांचे दाणापाणी जुन्यांनंतर करते. पशुवैद्यकाला विचारून मानमोडीची लस देते. मग आठवडाभर मध्ये जाळी: एकमेकींना दिसतात, टोचता येत नाही. पुढे रोज तासभर अंगणात एकत्र, दाणापाणी दोन ठिकाणी. शेवटी अंधार पडल्यावर खुराड्यात बसवते. थोडी टोचाटोची होणारच; रक्त दिसले की मात्र ती कोंबडी लगेच बाजूला काढा.