चाकांवर रेडियम लावताना

प्रश्न : मुलगी शिकवणीहून अंधारात सायकलने परतते. मागे लाल रिफ्लेक्टर आहे. चाकांवर रेडियमची पट्टी लावली तर उपयोग होईल का?

उत्तर : होईल, विशेषतः चौकात. मागचा रिफ्लेक्टर मागून येणाऱ्यालाच दिसतो; आडव्या रस्त्याने येणाऱ्या चालकाला तुमच्या मुलीची फक्त बाजू दिसते. तिथे फिरणारी चमकती वर्तुळं दिसली की ही सायकल आहे, हे क्षणात कळतं. नेदरलँड्समध्ये चाकांवर अशी चमकती कडी कायद्यानेच सक्तीची आहे.

मात्र पट्टी कुठे लावायची, हे ब्रेकवर ठरतं. जुन्या पद्धतीच्या दांड्याच्या ब्रेकमध्ये रबर रिमला आतून घासतं, म्हणून रिमची बाजू मोकळी असते. पट्टी तिथे लावा. कॅलिपर ब्रेक असेल तर रबर नेमकं बाजूलाच घासतं. तिथे पट्टी लावली तर ब्रेक घसरेल. अशा वेळी स्पोकवर बसणाऱ्या चमकत्या नळ्या घ्या. एकाआड एक स्पोकवर बसवल्या तरी पुरे.

चिकटवण्याआधी रिमवरचं तेल स्पिरिटने पुसा. नुसता चकचकीत, चंदेरी कागद मात्र घेऊ नका. तो प्रकाश भलतीकडे फेकतो. खऱ्या पट्टीतले सूक्ष्म काचमणी किंवा प्रिझम प्रकाश आला तिकडेच परत पाठवतात. दुकानात डोळ्याजवळ टॉर्च धरून पाहा, फरक लगेच कळेल. पावसाळ्यात चिखल पुसत राहा.

रेडियमला स्वतःचा उजेड नसतो, समोरच्याचा दिवा त्यावर पडावा लागतो. म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा आधी बसवा, पट्टी त्यानंतर.