एका विद्यार्थ्याची शाळा

नाशिक जिल्ह्यात मालेगावच्या परिसरात कवळाणे हे लहानसे गाव आहे. तेथील काशीराव गायकवाड यांचा मुलगा गोपाळराव १८६३ मध्ये जन्मला. बाराव्या वर्षापर्यंत त्याचे रीतसर शिक्षण असे झालेच नव्हते. २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि कवळाण्याचा गोपाळराव सयाजीराव महाराज झाला. गादी एका दिवसात मिळाली. विद्या तशी मिळणार नव्हती. राज्याची सूत्रे हाती येण्यास जेमतेम साडेसहा वर्षे उरली होती.

शिक्षणाचे वय उलटत चाललेल्या मुलाला कसे शिकवावे, हा बडोदे दरबारापुढील प्रश्न आज गावोगावच्या शिक्षकांपुढेही उभा आहे. म्हणूनच त्या अध्यापनाचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

अध्यापनाची रीत

१८७५ च्या अखेरीस एफ. ए. एच. एलियट या मुलकी सेवेतील अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषांचा अभ्यास ठरला. मात्र विद्यार्थ्याला एकटे ठेवण्यात आले नाही; धाकटे बंधू संपतराव त्यांच्यासमवेत शिकत. घोडदौड आणि कुस्ती यांनाही दिनक्रमात स्थान होते. पुढे १८८१ मध्ये दिवाण टी. माधवराव आणि इतर अधिकाऱ्यांनी राज्यकारभाराच्या निरनिराळ्या अंगांवर त्यांना व्याख्याने दिली. ज्या कामासाठी विद्या घ्यावयाची, त्या कामाशीच ती अशा रीतीने जोडली गेली. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले.

एकासमोर एक

खाजगी शिक्षकाचे खरे बळ कशात असते? चाळीस मुलांच्या वर्गात एकाचे उत्तर चुकले, तर दुसरा बरोबर उत्तर देतो आणि पाठ पुढे सरकतो. चुकणारा मात्र मागेच राहतो. समोर एकच विद्यार्थी असेल तर पाठ त्याच्या चुकीपाशी थांबतो. शिक्षकाला पुढे जाण्याची वाटच नसते.

एक साधे उदाहरण घेऊ. ५२ मधून २७ वजा करताना मुलाने ३५ असे उत्तर लिहिले. वहीवर फुली मारून हा प्रश्न सुटत नाही. ‘तू हे कसे केलेस?’ असे विचारले की मूल सांगते, ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ म्हणजे मुलाला वजाबाकी येते. दशक सोडवून एकक करणे तेवढे उमजलेले नाही. काड्यांचे गठ्ठे घेऊन एक गठ्ठा त्याच्याच हाताने सोडविला, तर ही अडचण पुष्कळदा थोड्या वेळात दूर होते. चूक ही अशा वेळी शिक्षकाला वाट दाखविणारी खूण ठरते.

या रीतीत एक धोकाही आहे. शिक्षक सतत शेजारी असला की मूल त्याच्या तोंडाकडे पाहून उत्तर देऊ लागते. म्हणून चांगला शिक्षक आपली मदत हळूहळू कमी करतो. प्रथम स्वतः करून दाखवावे, मग बरोबरीने करावे आणि शेवटी दूर बसून पाहावे, असा हा क्रम आहे.

एकाकडून अनेकांकडे

राजपुत्रासाठी स्वतंत्र शिक्षक नेमता येतो. रयतेच्या प्रत्येक मुलासाठी ते शक्य नसते. याचे उत्तर सयाजीरावांनीच दिले. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. ज्यांना स्वतः उशिरा अक्षर भेटले, त्यांनी प्रजेच्या मुलांना तो उशीर होऊ नये याची तजवीज केली.

कायदा आणि गाव

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा हाच धागा पुढे नेतो. त्याच्या कलम ४ नुसार शाळाबाह्य बालकास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. वयाची चौदा वर्षे उलटली तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत ते मोफतच राहते. कलम २४ प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता अजमावून आवश्यक ते जादा अध्यापन करण्याचे कर्तव्य शिक्षकांवर सोपविते. कलम २८ अन्वये शिक्षकांना खाजगी शिकवणी करता येत नाही. बंदी शिकवणीच्या धंद्यास आहे, शिकवणीच्या रीतीस नाही. रोज चार मुलांना पाच-पाच मिनिटे जवळ बसविले, तरी चाळीसांच्या वर्गात दहा दिवसांत प्रत्येकाची पाळी येते.

पंचायत सदस्यांचा वाटाही मोठा आहे. आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर गेलेले मूल हंगाम संपल्यावर परत येते, तेव्हा हजेरीपटावर त्याचे नाव असते. पण मधले धडे त्याच्यापासून निसटलेले असतात. अशा मुलांची यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी आणि त्यांच्या विशेष प्रशिक्षणाची व्यवस्था झाली की नाही, हे पाहावे.

कवळाण्याच्या मुलाला बाराव्या वर्षी शिक्षक मिळाला, तो दैवयोगाने. आपल्या गावातील बारा वर्षांच्या मुलाला तो हक्काने मिळावयाचा आहे. तो मिळवून देणे हे गावाचे काम होय.