पंचविशीच्या आत पॉलिसी वेगळी करा

मुलगा किंवा मुलगी कमावती झाली की आपण पेढे वाटतो, पगाराचं खातं उघडायला सोबत जातो, परगावी खोली बघून देतो. घरातली मेडिक्लेम पॉलिसी मात्र कपाटातून बाहेर काढायची कुणाला आठवण होत नाही. मूल शाळेत असताना तिच्यात त्याचं नाव घातलेलं असतं आणि ते कायम तिथेच राहणार, असं घरातले सगळे धरून चालतात. ते कायम राहत नाही.

मी मिरजेच्या एका रुग्णालयात मेडिक्लेमच्या टेबलावर काम करून निवृत्त झाले. माझ्या आधी तिथे बसणाऱ्या बाईंनी मला पॉलिसी वाचायला शिकवलं. आता ओळखीच्या घरातलं मूल विशी ओलांडताना दिसलं की मी आईवडिलांना आणि त्या मुलालाही समोर बसवून सांगते: मूल धडधाकट आहे आणि जुन्या पॉलिसीत आहे तोवरच त्याची पॉलिसी वेगळी करा, आणि जुन्या पॉलिसीत जमलेली वर्षं त्याच्या पदरात टाका. बाकीचं सगळं त्यासाठीच.

वयाच्या आधी कमाईची अट वाचा

‘पंचवीस वर्षांपर्यंत मूल आपल्या पॉलिसीत चालतं’ एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. बऱ्याच फ्लोटर पॉलिसींत, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसींत, ही मर्यादा असतेही. पण शब्द असतात ‘अवलंबून असलेलं मूल’. सगळ्या कंपन्यांना सारख्या अटींवर विकावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून आली. तिच्या अटी काढून बघा. तीन महिने ते पंचवीस वर्षं वयाचं अवलंबून मूल चालतं. पण अठरा वर्षांवरचं मूल स्वतः कमावतं झालं, तर पुढच्या रिन्यूअलला ते पात्र राहत नाही. म्हणजे बाविसाव्या वर्षी कॅम्पसमधून नोकरी लागलेली मुलगी पंचविशीची वाट न बघताच बाहेर पडते.

कंपनीगणिक अट बदलते. कुठे लग्न झालं की नाव जातं, कुठे शिक्षण चालू असेल तरच राहतं. तेव्हा शेजाऱ्याची पॉलिसी कशी आहे ते विचारू नका. आपल्या पॉलिसीतली ‘अवलंबून मूल’ ही व्याख्या शोधा आणि मुलाच्या पहिल्या पगाराच्या आधी वाचा.

सरकारी योजनांचे नियमही निराळे आहेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएसमध्ये मुलगा कमावता होईपर्यंत, त्याचं लग्न होईपर्यंत किंवा पंचवीस वर्षांपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर असतो. मुलीला वयाची अट नाही. ती कमावती होईपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत राहते. ईएसआयमध्ये शिकणाऱ्या मुलाची मर्यादा एकवीस वर्षांची आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षातच ती संपते, हे कामगार आईबापांनी ध्यानात ठेवावं.

वाढदिवस नको, रिन्यूअलची तारीख धरा

पॉलिसीच्या वर्षात मुलाने पंचविशी गाठली तर साधारणपणे ते वर्ष संपेपर्यंत संरक्षण राहतं आणि पुढच्या रिन्यूअलला नाव गळतं. कुणी फोन करून सांगेलच असं नाही. रिन्यूअलची नोटीस येते, वडील मोबाईलवरून प्रीमियम भरतात, नवा कागद ईमेलमध्ये पडून राहतो.

एका पावसाळ्यात एक आई मुलाला डेंग्यूने घेऊन आली होती. प्लेटलेट उतरलेल्या, मुलगा सव्वीस वर्षांचा. त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. कार्डावर चार नावं होती, पण ते दोन वर्षांपूर्वीचं होतं. चालू वर्षाच्या पॉलिसीची प्रत मी मागवली, तर तिच्यावर तीनच नावं. त्या माऊलीने तो कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. घरात प्रीमियम एक दिवसही चुकला नव्हता. तरीही कॅशलेस झालं नाही. डिपॉझिट भरण्यासाठी त्यांना भावाला फोन करावा लागला.

म्हणून दर रिन्यूअलनंतर पॉलिसीचं पहिलं पान उघडा. नावं मोजा, प्रत्येकाची जन्मतारीख तपासा, नातं बरोबर लिहिलंय का बघा. मूल ज्या वर्षी बाहेर पडणार, त्या वर्षी रिन्यूअलच्या तीन महिने आधी कामाला लागा. रिन्यूअल चुकलं तर वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला तीस दिवसांची सवलत असते खरी, पण त्या मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा खर्च सहसा मिळत नाही.

कोरी पॉलिसी घेऊ नका, जुनीतून वेगळी काढा

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, आणि ते नकळत होतं. मुलाचं नाव गळल्यावर काही महिन्यांनी एखादा एजंट स्वस्तातली नवी पॉलिसी देतो. ती पहिल्या दिवसापासून मोजायला लागते. सुरुवातीचे तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मुतखडा, मूळव्याध अशा ठरावीक आजारांना वेगळा थांबा असतो. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. पूर्वी हा काळ चार वर्षांपर्यंत होता. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, तो २०२४ मध्ये कमी केला.

मूल वडिलांच्या पॉलिसीत दहा वर्षं असेल तर हे सगळे थांबे त्याने केव्हाच ओलांडलेले असतात. एकत्र कुटुंबातून मुलगा वेगळा राहायला निघाला की त्याच्या वाट्याची भांडी त्याला देतात, तशी ही वर्षं त्याला द्यायची असतात. त्यासाठी दोन रस्ते आहेत. त्याच कंपनीत त्याच्या नावाची स्वतंत्र पॉलिसी काढून घेणं, याला मायग्रेशन म्हणतात. दुसऱ्या कंपनीत जाणं म्हणजे पोर्ट करणं. ही सोय ऑक्टोबर २०११ पासून आहे. पोर्टचा अर्ज रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी द्यावा. नवी कंपनी तब्येत बघून नाकारू शकते, म्हणून आपल्याच कंपनीचा रस्ता शेवटपर्यंत उघडा ठेवा.

कंपनीला पत्र किंवा ईमेल लिहा. साधंच लिहा: ‘माझा मुलगा अमुक तारखेपासून आमच्या पॉलिसीत आहे. येत्या रिन्यूअलला तो अपात्र होत आहे. त्याला सलगतेच्या लाभासह स्वतंत्र पॉलिसी द्यावी.’ नवा कागद हातात आला की पहिल्यांदा विमा घेतल्याची तारीख बघा. तिथे मुलाचं नाव मूळ पॉलिसीत आलं ती जुनी तारीख हवी. आजची तारीख असेल तर लगेच परत पाठवून दुरुस्त करून घ्या. साठलेल्या बोनसचंही विचारा. आरोग्य संजीवनीच्या अटींत तर स्पष्ट आहे, की पंचविशीमुळे पॉलिसी विभागली तर बोनस विमा रकमेच्या प्रमाणात वाटला जातो. एक लक्षात असू द्या: जुन्या वर्षांचा लाभ जुन्या विमा रकमेपुरता मिळतो, वाढवलेल्या रकमेला थांबे नव्याने लागतात.

फॉर्ममध्ये काही लपवू नका

लहानपणचा दमा, थायरॉइड, पीसीओडी, दहावीच्या सुट्टीत झालेलं अपेंडिक्स, नैराश्यावरच्या गोळ्या, सगळं लिहा. ‘मुलीचं लग्न व्हायचंय, कशाला लिहायचं’ म्हणून आया गप्प बसतात, ते मी पाहिलंय. पण रुग्णालयाच्या केसपेपरवर डॉक्टर विचारून सगळं लिहितात, आणि तो केसपेपर क्लेमसोबत जातो. लपवलेला आजार तिथे उघडा पडतो आणि क्लेम नाकारला जातो. मानसिक आजाराचं तर लपवायचं कारणच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना त्याला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलं आहे.

सलग साठ महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही एवढ्या कारणावरून कंपनी क्लेम अडवू शकत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. जुनी सलग वर्षं इथेही उपयोगी पडतात.

नोकरीतला विमा असला तरी स्वतःचा ठेवा

‘कंपनी देते की पाच लाखांचा’, हे उत्तर मला प्रत्येक मुलाकडून मिळतं. तो विमा नोकरीपुरता आहे. राजीनामा दिला, कपात झाली, पुढच्या शिक्षणाला गेलं, की संपला. आईवडिलांच्या नोकरीतल्या ग्रुप विम्यावर मूल असेल तर वडिलांच्या निवृत्तीच्या दिवशी सगळं घरच एकदम उघडं पडतं. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो वेळेत आणि लेखी करावा लागतो. कंपनी तब्येत तपासून ठरवते.

विशीतल्या निरोगी मुलाचा प्रीमियम घरातला सगळ्यात कमी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. पहिल्या पगारातून हा खर्च मुलाने स्वतः करावा, अशी माझी आईबापांना विनंती असते. त्याला करात सवलतही मिळते. जुन्या करप्रणालीत स्वतःच्या विम्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, रोख न भरता भरलेल्या प्रीमियमवर. कमावत्या मुलाचा प्रीमियम वडिलांनी भरला तर वडिलांना ती मिळत नाही, कारण कायद्यात अवलंबून मूलच धरलं आहे. उलट मुलाने आईवडिलांचा प्रीमियम भरला तर त्याला वेगळी वजावट मिळते, आणि ते ज्येष्ठ नागरिक असतील तर ५०,००० पर्यंत. आईवडील त्याच्यावर अवलंबून असण्याची तिथे अट नाही.

लेकीचं सासरवर सोडू नका

लग्नाच्या गडबडीत मुलीची पॉलिसी हमखास राहून जाते. माहेरच्या फ्लोटरमधून नाव गेलेलं, सासरच्या पॉलिसीत अजून आलेलं नाही, आणि मध्ये रिन्यूअलला आठ महिने. प्रसूतीचा खर्च देणाऱ्या पॉलिसींत त्यासाठी वेगळा, बऱ्याचदा काही वर्षांचा थांबा असतो. म्हणून लग्न ठरायच्या कितीतरी आधी मुलीच्या नावाची स्वतंत्र पॉलिसी हवी. ती तिच्यासोबत कुठेही जाते, कुणाच्या घरी मागावी लागत नाही. नाव आणि पत्ता बदलला तर तेवढी नोंद करून घ्यायची.

ज्या मुलाला आयुष्यभर आधार लागणार आहे

दिव्यांग मुलांच्या आईबापांनी पंचविशीची भीती मनात धरून बसू नये, आधी चौकशी करावी. सीजीएचएसमध्ये कायमचं अपंगत्व असलेल्या अवलंबून मुलाला वयाची मर्यादा नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

आणखी एक आधार सगळ्याच मराठी घरांनी तपासावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते योजनेतल्या रुग्णालयांतच मिळतं. मुलाचं नाव शिधापत्रिकेवर आहे ना, आधारवरचं आणि तिच्यावरचं नाव जुळतं ना, हे आधीच बघून ठेवा. रुग्णवाहिका दारात उभी असताना हे जुळवता येत नाही.

नकार आला तर लेखी मागा

सलगता नाकारली, नाव परस्पर वगळलं, क्लेम फेटाळला, तर फोनवर वाद घालू नका. कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागात तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते बघतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत जावं लागतं.

आता शेवटचं सांगणं मुलांना. पोरांनो, आपली पॉलिसी वेगळी झाली म्हणजे घराशी हिशेब संपला असं समजू नका. आईवडिलांच्या पॉलिसीची चालू वर्षाची प्रत तुमच्या मोबाईलमध्ये हवी आणि तुमची त्यांच्या मोबाईलमध्ये. कंपनीचा टोल फ्री नंबर, पॉलिसी नंबर, रिन्यूअलची तारीख दोघांकडे असू द्या. मध्यरात्री मेडिक्लेमच्या टेबलासमोर कोण कुणासाठी उभं राहील, सांगता येत नाही. तेव्हा आज रात्री जेवणं झाली की कपाटातली पॉलिसी बाहेर काढा, सगळे मिळून नावं वाचा, आणि रिन्यूअलच्या तीन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.