रश्दी वाचायचाय ना? मग इकडून शिर

अगं, टीवायला इंग्रजी घेतलंस आणि रश्दीचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, हे आत्ता सांगतेस? ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’ उघडलंस, पानामागून पानं गेली तरी हिरो जन्मालाच येईना, म्हणून मिटून ठेवलंस. साहजिक आहे. सलीम सिनाईच्या जन्माआधी शंभरावर पानं जातात. आधी त्याचे आजोबा, मग आजोबांचं नाक!

असं कर, आधी ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’ घे. १९९०चं, छोटंसं. ‘सॅटॅनिक व्हर्सेस’वरून फतवा निघाल्यावर रश्दी लपून राहत होता, तेव्हा मुलासाठी लिहिलेलं. गोष्टी सांगणाऱ्या बापाला गोष्टच सुचेनाशी होते आणि पोरगा त्या परत आणायला निघतो. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्ध्या बुडानं टेकूनही वाचता येतं. रश्दीच्या वाक्याची चाल कानात बसली की मगच सलीमकडे जा.

आणि ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’ (१९८१, बुकर मिळालेली) परीक्षेचं पुस्तक म्हणून वाचूच नकोस, मुंबईची चहाडी म्हणून वाच. कमांडर साबरमती भेटला की ओळखशील, हे तर नानावटी प्रकरण! डॉक्टर नारळीकर भेटतील, समुद्रात भराव घालायला काँक्रीटच्या चारपायी ठोकळ्यांचं स्वप्न बघणारे. त्यांचा शेवट सांगत नाही, जा आणि वाच.

पण एका जागी थांब. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चाललाय आणि शाळकरी सलीम वॉर्डन रोडच्या आपल्या बंगल्याच्या टेकडीवरून सायकलसकट थेट मोर्चात घुसतो. लोक म्हणतात, गुजराती बोलून दाखव. तो शाळेत गुजराती पोरांना चिडवायचं यमक म्हणतो, ते तोंडोतोंडी जातं, दंगल पेटते. वर याचा दावा काय, तर मुंबई राज्य फुटलं ते माझ्यामुळे! ज्या चळवळीत शंभरावर माणसं गेली, तिची ही थट्टा मला आजही झोंबते. मात्र रश्दीची खरी जादू तिथंच आहे, हेही सांगते. सगळा इतिहास आपल्याच भोवती फिरतोय असं त्या बंगल्यातल्या पोराला मनापासून वाटतं, आणि वाचताना आपल्यालाही पटायला लागतं. मराठी माणूस मात्र त्या बंगल्यांत क्वचितच शिरतो, बहुतेक रस्त्यावरची गर्दी म्हणूनच दिसतो. पेपरात हे बिनधास्त लिही.

‘शेम’ नंतर कधीतरी, ती पाकिस्तानची गोष्ट. पण ‘द मूर्स लास्ट साय’ (१९९५) सोडू नकोस. नायक दुप्पट वेगानं म्हातारा होतो. त्याची चित्रकार आई दर गणेशोत्सवात मलबार हिलवरून, खालच्या मिरवणुकीच्या नाकावर टिच्चून नाचते. त्यात व्यंगचित्रकाराचा पुढारी झालेला ‘मैंडक’ नावाचा एकजण आहे. कोणावरून घेतलाय, ते मी कशाला सांगू? माझ्या मते मुंबईवरची त्याची सगळ्यात कडू आणि म्हणून सगळ्यात जिवंत कादंबरी हीच.

मग लगेच जयंत पवारांचं ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हातात घे. कथासंग्रह आहे, २०१२चा साहित्य अकादमी मिळालेला. वास्तवाला तसाच पीळ, पण शहर गिरणगावातून बघितलेलं. रश्दीच्या टेकडीवरून जे दिसत नाही, ते तिथं दिसतं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचार, १८९३पासूनची संस्था आहे ती. नाहीतर शनिवारी डोंबिवलीला येऊन माझी प्रत ने. ‘मूर’ मात्र मागू नकोस, तो मी कोणालाच देत नाही.