सफेद मुसळी व तिला मानवणारें उष्णमान

सफेद मुसळी ही मूळची जंगलांतील वनस्पति. सांतापाव व फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तिला बोरिवलीवरून शास्त्रीय नांव दिलें आहे. झाडांच्या विरळ सावलींत, पालापाचोळ्यानें झांकलेल्या व पाणी न धरणाऱ्या जमिनींत ती आपोआप वाढते. हिची लागवड करूं इच्छिणारे शेतकरीबंधु प्रथम विचारतात, हिला उष्णमान किती लागतें? याचें उत्तर एका आंकड्यांत देतां येत नाहीं. कारण वर्षाच्या तीन काळांत तिची गरज तीन प्रकारची असते.

पहिला काळ पानांचा. मृगाच्या पावसानें जमीन भिजली, कीं लावलेल्या मुळीस कोंब फुटतो. या वेळीं २५ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णमान व दमट हवा तिला मानवते. पानें सुमारें तीन महिनेच टिकतात आणि मुळ्या पोसण्याचें काम त्याच अवधींत होतें. म्हणून लागण पहिल्या पावसाबरोबर उरकावी. जितका उशीर, तितकी मुळी बारीक. वाफ्यांवर पाला पसरावा, म्हणजे पावसाच्या उघडिपींत माती तापत नाहीं.

दुसरा काळ पक्वतेचा. आश्विनाच्या सुमारास पानें पिवळीं पडून गळतात. त्यावरून पीक मेलें असें समजूं नये. मुळ्या जमिनींतच राहूं द्याव्या. थंडीच्या दिवसांत त्यांची फिकी साल गडद तपकिरी झाली, म्हणजे त्या तयार झाल्या असें जाणावें.

तिसरा काळ विश्रांतीचा. उन्हाळाभर ठेवावयाच्या बियाण्याचें नुकसान बहुधा येथेंच होतें. तापलेल्या पत्र्याखालीं मुळ्या सुकतात. बंद पोत्यांत त्या उबून कुजतात. यास्तव थंड, हवेशीर व सावलीच्या जागीं कोरड्या वाळूच्या थरांत त्या ठेवाव्या, आणि दर पंधरवड्यास पाहून नासक्या काढून टाकाव्या. प्रत्येक मुळीस बुंध्याचा तुकडा राखावा. डोळा तेथेंच असतो व त्यावांचून कोंब येत नाहीं.

या पिकांत बियाण्याचा खर्च सर्वांत मोठा. शेतावरील हवा आपल्या हातीं नाहीं, परंतु कोठींतील गारवा आहे. ज्यानें तो चार महिने सांभाळला, त्यास पुढील मृगांत बियाण्यासाठीं दुसऱ्याच्या दारीं जावें लागत नाहीं.